शाळेभोवतीचे शंभर यार्ड

वर्धा जिल्ह्याचे नाव दूरदेशी नेले ते चालणाऱ्या माणसांनी. ३० एप्रिल १९३६ रोजी सहासष्ट वर्षांचे गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून निघाले आणि पायी पायी शेगाव नावाच्या खेड्यात पोचले. पुढे त्याच खेड्याचे सेवाग्राम झाले. इतिहासकारांना या घटनेत ग्रामोद्धाराचा संकल्प वगैरे दिसतो. अस्सल वर्धेकराला आधी तारीख दिसते. एप्रिलची तीस! त्या दिवसांत आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडण्याआधी दोनदा विचार करतो.

विनोबांची तर गोष्टच निराळी. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबा निघाले ते पायीच. संमेलन आटोपले, मग तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले, आणि मधला एक पावसाळा पवनारला काढून पुन्हा जे पाय सुटले ते पवनारला परत टेकायला १९६४ साल उजाडले. संमेलनासाठी म्हणून सुरू झालेली पायपीट तेरा वर्षांनी घरी येऊन थांबली. आमच्याकडे सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला गेलेला गृहस्थ तासाभराने परतला तरी चौकशी आयोग बसतो.

या दोघांचे भव्य पुतळे अलीकडे सेवाग्रामला उभे राहिले आहेत. पुतळे देखणे आहेत, लांबून बघणारा थबकतो, जवळ जाऊन निरखणारा मात्र गालातल्या गालात हसतो. कारण ते घडवले आहेत जुन्या गाड्यांच्या भंगारातून. कलावंतांची कल्पकता दाद देण्यासारखीच आहे. पण जन्मभर पायी हिंडलेल्या दोन माणसांना आम्ही अखेर गाडीच्या सुट्या भागांत बसवले, एवढे मात्र झाले.

अशा या जिल्ह्यात चौथीतला मुलगा घरापासून सहा विजेच्या खांबांवर असलेल्या शाळेत स्कुटीवर बसून जातो.

माझे घर एका शाळेच्या गल्लीत आहे. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ते सांगून काही फरक पडत नाही. आपापल्या गावातली कुठलीही शाळा डोळ्यांपुढे आणावी. संध्याकाळची घंटा व्हायच्या आधी पंधरा-वीस मिनिटांपासून गल्लीत जमवाजमव सुरू होते. आधी येतात ॲटो. ते येऊन अशा काही कोनात उभे राहतात की पुढच्याला निघता येऊ नये आणि मागच्याला शिरता येऊ नये. ॲटोच्या दोन्ही बाजूंना दप्तरे लटकवायच्या कड्या असतात. सुटीनंतर त्यांवर दप्तरे चढली की ॲटोची रुंदी दीडपट होते, आणि हा वाढीव भाग बरोबर सायकलवाल्या पोरांच्या कोपराच्या उंचीवर येतो. मग दुपट्ट्याने तोंड गुंडाळलेल्या आया स्कुट्यांवर येतात. फक्त डोळे दिसत असल्यामुळे पोरे आईला गाडीच्या नंबरवरून ओळखतात. मग एक चारचाकी येते. ती एकटीच दहा स्कुट्यांची जागा घेते आणि आतला गारवा टिकावा म्हणून इंजिन सुरूच ठेवते, म्हणजे आतल्या एकाला थंड ठेवण्यासाठी बाहेरच्या शंभरांना गरम हवा. या सगळ्यांच्या मधोमध बोरे, चिंचा आणि तिखटमीठ लावलेली कैरी विकणारी बाई टोपली घेऊन बसलेली असते. गल्लीत एकाच जागी ठाम राहून वाहतुकीला वळण लावणारी अशी ती एकटीच.

घंटा होते आणि फाटकातून पोट्टे सुटतात. ‘सुटतात’ हाच शब्द बरोबर. दिवसभर ‘बस खाली’, ‘चूप राय’ ऐकलेल्या देहांत जेवढी गती साठली असेल तेवढी त्या एका क्षणी बाहेर पडते, आणि नेमक्या त्याच क्षणी गल्लीतली सगळी इंजिने सुरू होतात. शहरातली सर्वांत बेसावध माणसे आणि सर्वांत घाईतली माणसे एकाच अरुंद जागी एकाच मिनिटाला सोडायची, हे नियोजन कोणी ठरवून केले असते तर त्याला शिक्षा झाली असती. ते आपोआप झाले असल्यामुळे त्याला ‘शाळा सुटली’ म्हणतात.

या गर्दीत एक पोरगी मला नेहमी दिसते. दुसरी-तिसरीत असेल. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात बालवाडीतल्या भावाचे मनगट. हात नव्हे, मनगट, कारण हात सुटतो हे तिला अनुभवाने कळलेले आहे. तिला पलीकडे जायचे असते. आधी ती पुस्तकात शिकवल्याप्रमाणे उजवीकडे पाहते, डावीकडे पाहते, पुन्हा उजवीकडे पाहते. तेवढ्या वेळात डावीकडचे चित्र बदललेले असते. मग ती पोलिसासारखा तळवा पुढे करते. एक स्कुटी तिच्या तळव्याला वळसा घालून जाते. मग ती शांत उभी राहते आणि वाट पाहते ती गाईची. आमच्या गल्लीत संध्याकाळी दोन-चार गाई परततात. गाय रस्त्याच्या मधे आली की बुलेटवालासुद्धा ब्रेक दाबतो. पोरगी भावाला ओढत गाईच्या पोटाच्या आडोशाने, तिच्याच चालीने, सुखरूप पलीकडे जाते. जमनालाल बजाजांनी शेवटच्या दिवसांत वर्ध्यात राहून गोसेवेला वाहून घेतले होते. गोसेवेचा असाही उपयोग होईल असे त्यांच्या मनात आले नसेल.

बजाजांचे नाव निघालेच आहे तर पुढचेही सांगून टाकू. वर्ध्याच्या याच घराण्याच्या कंपनीने १९७२ साली ‘चेतक’ स्कूटर काढली. पुढे उभा धाकटा, मधे बाबा, मागे आई आणि दोघांच्या मधे सँडविच झालेली थोरली, अशी अख्खी गृहस्थी पेलत या स्कूटरने निम्म्या महाराष्ट्राला शाळेत पोचवले. म्हणजे पायी चालायला गांधीजींना ज्या गावाने बोलावले, त्याच गावाच्या घराण्याने आम्हाला चालण्यातून सोडवलेही. जुने वर्धेकर आणखी एक किस्सा सांगतात. जमनालालजींच्या एका फोर्ड मोटारीला पुढे बैल जुंपून ती चालवत आणि गांधीजी गमतीने तिला ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत. शाळेच्या गल्लीपुरता का होईना, हा शोध पुन्हा अमलात यावा असे मला अधूनमधून वाटते. बैलाला हॉर्न नसतो, आणि समोर पोर दिसले की तो आपण होऊन थांबतो.

पोरे पायी का जात नाहीत, हे मी शेजारच्या वहिनींना विचारले.

“शाळा तर समोर दिसते वहिनी. पोट्ट्याला पायी नाही पाठवत?”

“भाऊजी, गाड्या पाहून रायले ना तुम्ही? कसं सोडू एकटं?”

एवढे बोलून त्यांनी मुलाला पुढे उभे केले, गाडीला बटण मारले आणि त्या गाड्यांमध्ये आपल्याही गाडीची भर घातली. यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. गल्लीतल्या प्रत्येक आईला बाकीच्या सगळ्या आयांच्या गाड्यांची भीती वाटते, म्हणून ती गाडी काढते. सगळ्यांनी एकदम ठेवली तर भीतीच उरणार नाही. पण आधी कोण ठेवणार? लग्नाच्या पंगतीतून आधी कोणी उठायचे, तसाच हा पेच.

कायद्याने बिचाऱ्याने आपल्या परीने हात चालवून पाहिले आहेत. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. वर त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळणार नाही हेही सांगितले. चार वर्षांपर्यंतच्या लेकराला दुचाकीवर हेल्मेट आणि पट्टा हवा, आणि ते गाडीवर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये, असाही नियम २०२२ साली झाला. हे सगळे वाचून मी गल्लीत पाहतो तो नववीतला एक विद्यार्थी मोपेडवरून येतो आणि मागे बसलेल्या मित्राला भूमितीचे प्रमेय समजावत जातो. दोघांच्या मिळून वयाची बेरीज केली तर परवान्याचे वय भरते, असा बहुधा त्यांचा हिशेब असावा.

एक सुबक गतिरोधक टाकला तरी पुष्कळ होईल, असे वाटून मी त्याची चौकशी केली. तेव्हा कळले की आधी रस्त्याचा मालक शोधायला हवा. वर्ध्याची रचनाच अशी आहे की सावंगी, पिपरी, सिंदी, बोरगाव, उमरी ही सगळी ‘मेघे’ आडनावाची भावंडे शहराला चिकटून बसली आहेत. शहर कुठे संपले आणि ग्रामपंचायत कुठे सुरू झाली हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळते. मोठा रस्ता बांधकाम खात्याचा, त्याला मिळणारी गल्ली स्थानिक संस्थेची, कडेची नाली आणखी कोणाची, विजेचा खांब महावितरणचा, आणि फाटकाच्या आतली जागा संस्थेची. एक पोर घरून शाळेत जाईतो इतक्या राज्यांच्या सीमा ओलांडते की त्याला पासपोर्टच द्यायला हवा.

तरी आमच्या शाळेपुढे एक गतिरोधक काही काळ होता. तो कोणी मंजूर केलेला नव्हता. नळाची पाइपलाइन फुटली, रस्ता खोदला, आणि बुजवताना मुरूम-गिट्टीचा असा काही उंचवटा राहिला की गाडी हळू केल्याशिवाय पाठीचा मणका जागेवर राहत नसे. ते काही महिने शाळेच्या इतिहासातला सुवर्णकाळ होता. पोरे रमतगमत रस्ता ओलांडत. पण सुखाला दृष्ट लागते. कोणीतरी तक्रार केली, आणि एरवी वर्षानुवर्षे न हलणारे एक खाते आठवड्याभरात रोलर घेऊन हजर झाले. आता रस्ता गुळगुळीत आहे, आणि पोरगी पुन्हा गाईची वाट पाहते.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचे दिवस येतात. पूर्वी तो सप्ताह असायचा, आता महिना झाला आहे. दर वर्षी शाळेत चित्रकलेची स्पर्धा होते. मुले पांढरे पट्टे काढतात, पट्ट्यांवर हसरी मुले काढतात, पट्ट्यांपुढे शहाण्यासारखी थांबलेली लाल मोटार काढतात. चित्रे फार गोड असतात. चौथीतल्या एकाला मी विचारले, “हे पट्टे कुठं पाहिले रे?” तो म्हणाला, “पुस्तकात.” डायनासोरचे चित्रही तो असेच काढतो.

सुरक्षेचे सगळे धडे लहानांना, आणि गाड्या सगळ्या मोठ्यांच्या हाती, ही आपली वाटणी मला गमतीची वाटते. ‘नीट पाहून चाल’, ‘पळू नको’, ‘कडेनं चाल’, हे आपण सात वर्षांच्या जिवाला सांगतो. कडेने चालायला जावे तर कडेला नाली असते, नालीवर फरशी असते, फरशीवर कोणाची तरी मोटारसायकल असते. आणि ‘हळू चालव’ हे चाळीस वर्षांच्या माणसाला सांगायला मात्र कोणी धजत नाही, कारण तो रागावतो. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती आणि साडेनऊ हजारांवर अठरा वर्षांखालची मुले. हे आकडे सरकारी अहवालातले आहेत. यांत ‘नीट पाहून चाल’ हा उपदेश न मिळालेला एकही मुलगा नसेल.

हॉलंडचे नाव काढले की लोक म्हणतात, त्यांचे काय, ते पहिल्यापासूनच सायकलवाले. तसे नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. एका पत्रकाराची लहानगी सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली सापडली. त्याने दुसऱ्या वर्षी वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. लोक पेटले. आयाबाया लेकरांसकट रस्त्यावर बसल्या. ॲमस्टरडॅमच्या एका दाट वस्तीतल्या शाळकरी मुलांनी तर आपली गल्ली खेळायला मोकळी करून घेण्यासाठी मोहीमच उघडली आणि ती अडवून धरली. आज ज्या रस्त्यांचे फोटो आपण मोबाईलवर ‘किती छान’ म्हणून एकमेकांना पाठवतो, ते असे भांडून मिळालेले आहेत. इटलीतल्या बोल्झानो गावाने १९८९ च्या सुमाराला त्याहून साधी युक्ती काढली. शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ शाळेपुढचा रस्ता गाड्यांना बंद. ना मोठा खर्च, ना मोठे बांधकाम. एक अडसर, तो उचलून ठेवणारा एक माणूस, आणि घड्याळ. ती युक्ती पुढे युरोपभर गेली. आपल्याकडेही मुंबईत भायखळ्याला एका शाळेपुढे रस्त्यावर रंग देऊन, पट्टे आखून आणि मुलांना उभे राहायला जागा राखून असा प्रयोग झालेला आहे. म्हणजे हे काम परदेशातच जमते असेही नाही.

खरे तर हा धडा वर्ध्याने दुसऱ्यांना द्यायचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. पुस्तकाआधी हाताने शिकावे, आजूबाजूच्या जगण्यातून शिकावे, हे तिचे सार. हाताने शिकावे हे आम्ही पाठ केले, पायांचे तेवढे राहून गेले. पायी शाळेत जाणारे पोर वाटेत काय काय शिकते! कडुनिंबाला मोहोर कधी येतो, कोणत्या घरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणत्या घरचा चावतो, सायकलच्या दुकानातले काका छर्रे कसे बदलतात, भांडलेल्या मित्राशी चौकापर्यंत न बोलता चालल्यावर चौकानंतर कसे बोलायचे. यातले एकही परीक्षेत येत नाही, म्हणून आपण ते स्कुटीवरून दीड मिनिटात उरकतो.

सायकलचेही तसेच. आमच्या पिढीने वडलांची उंच सायकल कैची मारत शिकली, म्हणजे दांड्याखालून पाय घालून, अंग एका बाजूला वाकवून. वर्ध्याच्या सपाट रस्त्यांवर गुडघे फोडून घ्यायला जागा मुबलक होती. आताच्या पोरांच्या सायकलींना गिअर आहेत, पण त्या कंपाउंडच्या आत गोल गोल फिरतात. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाईंच्या नावाच्या त्या योजनेने खेड्यांतल्या कितीतरी पोरी शिकल्या. देवळी-सेलूकडची मुलगी बसने वर्ध्यापर्यंत बिनघोर येते. तिचा धोक्याचा प्रवास सुरू होतो तो बसमधून उतरल्यावर, थांब्यापासून फाटकापर्यंतचा.

उन्हाचा मुद्दा आहेच आणि तो खोटा नाही. आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना भीत नाही. म्हणून तर बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात तेव्हा विदर्भातली पोरे आणखी काही दिवस आंबे खातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते. पण उन्हावरचा जुना उपाय म्हणजे झाड. वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी २०२० साली जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडू लागली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले आणि ती तोड थांबवावी लागली. त्या झाडांचे नाते लोक गांधीजींच्या काळाशी जोडतात, म्हणून ओरड झाली. शाळेच्या गल्लीतल्या कडुनिंबाखालून कोणी थोर पुरुष गेलेला नाही. रोज फक्त चार-पाचशे पोरे जातात, म्हणून तो तारांना लागतो या कारणावरून दर पावसाळ्याआधी निम्मा छाटला जातो.

१९३७ च्याच डिसेंबरातला गांधीजींचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. निम्म्या शाळांच्या ऑफिसात तो लावलेला असतो. जुहूच्या किनाऱ्यावर एक लहानगा नातू काठीचे एक टोक धरून पुढे पळतो आहे आणि दुसरे टोक धरून आजोबा मागून येताहेत. त्या फोटोवर मुख्याध्यापक पिढ्यान्‌पिढ्या ‘वडीलधाऱ्यांचा आधार’ या विषयावर बोलत आले आहेत. नीट पाहिले तर त्यात वेग ठरवतो आहे तो पोरगा. ज्याच्या एका शब्दावर देश हलत होता तो माणूस एका पोराच्या पावलाला पाऊल लावून चालला आहे. फोटोच्या खाली बसून आपण शाळेच्या वेळापत्रकावर सही करतो, आणि बाहेर पडून पोरांना हॉर्न वाजवतो.

पोराच्या पावलाने चालणे महाराष्ट्राला नवे नाही. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. तिथली पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते असे मानतात. वारीत म्हातारी चालते, पोर चालते, आणि मागे पडलेल्यासाठी पुढचे थांबतात. शाळेची अशी वारी का असू नये? एका आळीतली आठ-दहा पोरे, पुढे एक आई, मागे एक आजोबा; आज या घरची पाळी, उद्या त्या घरची. वाटेतल्या दारांवरून पोरे गोळा करत जायचे. सगळ्या आयांना रोज निघावे लागणार नाही आणि आजोबांना डॉक्टरांनी सांगितलेले चालणे पदरात पडेल. आजोबा मंडळींशी मी बोललो. चालण्याला त्यांची हरकत नव्हती. पुढे कोणी राहायचे, यावर मात्र चर्चा लांबली आणि सभा तहकूब झाली.

वेगाचे गणित शाळेतलेच आहे, नववीच्या विज्ञानातले. वेग दुप्पट झाला तर धडकेचा जोर चौपट होतो. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोमला भरलेल्या जागतिक परिषदेने ठरवले, की जिथे पायी आणि सायकलवाले गाड्यांत मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटर पुरे. आता कोणी म्हणेल, या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, आणि तुम्ही तीसची भाषा करता? जरूर जावा. समृद्धीवर पायी माणूस नाही, सायकल नाही, दुचाकीसुद्धा नाही; तिथे मोटारीसाठी ७०१ किलोमीटर रस्ता सगळ्या जगापासून वेगळा काढून दिला. मोटारीसाठी एवढे करणाऱ्यांकडे पोरांसाठी शंभर पावलांचा रस्ता, तोही दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास मागणे काही जास्त होत नाही.

शंभर हा आकडाही माझ्या पदरचा नाही. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्याने शाळेभोवती शंभर यार्डांचे वर्तुळ आखले आहे. त्याच्या आत बिडी, सिगारेट, खर्रा विकता येत नाही. पोरांच्या आसपास काही गोष्टी येऊच नयेत, हे आपण एकदा मान्य केलेले आहे. दारूच्या बाबतीत तर अख्खा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून बंद आहे. कागदावर का होईना, पण बंद. गतीची नशा तेवढी अजून परवान्यावर मिळते, आणि ती शाळेच्या फाटकाला खेटून मिळते. वर्तुळ तयार आहे, मोजलेले आहे. त्यात तंबाखूच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ चाकेही बाहेर ठेवायची, एवढेच बाकी आहे. पाट्या लावायला नवे खांबही नकोत.

आमच्या गल्लीत हे वर्तुळ कुठे संपते ते सगळ्यांना माहीत आहे, कारण बरोबर एकशे एकाव्या यार्डावर पानठेला आहे. मालक सांगतो, “कायदा म्हणजे कायदा, भाऊ. टेपनं मोजून ठेला लावला.” संध्याकाळी तिथे उभे राहिले की मोठी करमणूक होते. शाळेपुढून हॉर्नवर बोट ठेवून, पोरांना बाजूला सारत आलेला माणूस ठेल्यापाशी गाडी स्टँडवर लावतो आणि खर्रा सांगतो. मग सुपारी येते, चुना येतो, तंबाखू येतो, आणि मालक प्लास्टिकच्या तुकड्यात तो ऐवज घालून घोटायला बसतो. खर्रा घाईने घोटला तर बिघडतो. घाईतला तो माणूस दोन्ही हात पाठीशी बांधून, पावसापाण्याच्या गोष्टी करत, इतक्या शांतपणे उभा राहतो की विनोबांनीही त्याच्या धीराचे कौतुक केले असते. तिथे अर्धा तास उभा राहिल्यावर एक गोष्ट पक्की समजते, की गावात वेळेची टंचाई मुळीच नाही.

मी ठेलेवाल्याला माझी योजना समजावली. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा अर्धा तास गाड्या तुझ्या ठेल्याशी थांबवायच्या, पुढे पोरांना पायी सोडायचे. तो घोटता घोटता थांबला. आतापर्यंत मुख्याध्यापक, नगरसेवक, दोन अभियंते आणि सगळे आजोबा यांच्यापुढे मी हीच योजना मांडली होती आणि प्रत्येकाने ती ‘चांगली आहे, पण’ म्हणून परत केली होती.

“म्हणजे दोन्ही टाइम सगळे बाप इथंच उभे राहतील?” त्याने विचारले.

“हो.”

“दोर मी देतो,” तो म्हणाला. “बांबूबी हाय माझ्याकडं. उद्याच बांधू.”